जुनी गाडी पाहायला जाण्यापूर्वीच्या तयारीविषयी मदत हवी आहे

नमस्कार.

वापरलेली मोटारगाडी घ्यायचे आम्ही नक्की केले आहे. रंग, जागा, मायलेज यांवर घरात पुरेसा खल झाला आहे, त्यामुळे त्याविषयी विचारत नाही. समोरची गाडी मेकॅनिकला दाखवण्याच्या लायकीची आहे की नाही, एवढे मला स्वतःला ओळखता यावे, अशी इच्छा आहे.

आतापर्यंतच्या वाचनातून समजले ते असे. इंजिन पूर्ण थंड असतानाच गाडी सुरू करून पाहावी, कारण मालकाने ते आधीच गरम करून ठेवले असेल तर सुरुवातीची खडखड आणि धूर दोन्ही लपतात. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे लक्षण मानतात. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आत शिरत असल्याची शंका घ्यावी. टायरवरील चार आकड्यांतून त्याचे वय कळते, उदाहरणार्थ 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. चेसिस क्रमांक कागदपत्रांशी जुळवणे तर ओघाने आलेच.

खरी अडचण ओबीडी स्कॅनरची, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्यातील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या उपकरणाची आहे. विक्रेत्याने बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असतील, तर गाडीच्या काही स्वयंतपासण्या अपूर्ण दिसतात, हे मला ठाऊक आहे. परंतु बॅटरी काढून पुन्हा जोडल्यानेही अनेक गाड्यांत तसेच दिसते. मग लबाडी आणि साधी देखभाल यांतला फरक ओळखावा कसा? काही दिवस गाडी चालवून झाल्यावर पुन्हा स्कॅन करू द्या, असे विक्रेत्याला म्हणणे व्यवहारात चालते का?

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा इंजिनातील पट्टा) बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगणार आहे. अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, त्यामुळे इथे भीड बाळगण्यात अर्थ नाही.

शेवटची शंका डिझेलची. मनात भरलेली गाडी डिझेलची असून तिला डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) आहे, आणि आमचा वापर मात्र बहुतेक जवळच्या फेऱ्यांचा. अशा फेऱ्यांत काजळी जळून जाण्याइतका फिल्टर तापत नाही आणि ती साचत जाते, असे वाचले. अधूनमधून महामार्गावर लांबचा फेरफटका मारल्याने ही अडचण सुटते, की पेट्रोलचाच पर्याय पाहावा? अशी गाडी स्वतः वापरणाऱ्यांनी कृपया लिहावे.