वाईतील जुन्या खाणावळी आणि वाठार स्टेशन
वाईच्या नदीघाटालगतच्या जुन्या खाणावळी केवळ ढोल्या गणपतीच्या (सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या मंदिराच्या) दर्शनाला येणाऱ्या भाविकांवर चालल्या, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. पुणे-मिरज लोहमार्ग झाल्यावर महाबळेश्वरचे प्रवासी वाठार स्टेशनावर उतरत आणि तेथून टांग्याने वाई, पसरणी घाट, पाचगणी असे पुढे जात. घाटाचा चढ लागण्यापूर्वी जेवण उरकायला आणि घोड्यांना विसावा द्यायला वाईच सोयीची होती. वाईच्या गंगापुरी भागातील आमच्या परिचयाच्या एका घरात, जिथे पूर्वी खाणावळ होती, पडवीच्या दगडी जोत्यात घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून आहेत, आणि दर्शनाला पायी किंवा बैलगाडीने येणाऱ्यांसाठी त्या कोणी बसवल्या नसाव्यात. मोटारी पुण्याहून खंबाटकी घाटाने थेट येऊ लागल्यावर वाठारची ही वर्दळ ओसरली.