अंगात फडफड, मुंग्या, रिपोर्ट मात्र नॉर्मल. भीती जात नाही, सल्ला हवा आहे

रानजाई
नमस्कार मंडळी. वय ३६, नाशिकला शाळेत शिकवते. दिवाळीनंतर डाव्या पोटरीत फडफड सुरू झाली. दुखत नाही, पण कातडीखाली काहीतरी वळवळतंय असं डोळ्यांना दिसतं. मग ती उजव्या पायात, दंडात, पापणीत आली. बोटांना मुंग्या येतात, कधी अर्धा चेहरा जड वाटतो. न्यूरॉलॉजिस्टनी नीट तपासलं, मेंदूचा एमआरआय आणि ईएमजी-एनसीव्ही (स्नायू आणि नसांची विद्युत तपासणी) करून घेतलं. सगळं नॉर्मल. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," म्हणाले.

रिपोर्ट हातात आला की थोडे दिवस बरं जातं, मग वाटतं टेस्ट फार लवकर झाली असेल. रात्री मुलं झोपली की मोबाईलवर एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) आणि एमएस (मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजार) यांबद्दल वाचत बसते. वर्गात खडू हातातून निसटला तरी धस्स होतं. आरशात जीभ बघते, टाचांवर चालून बघते, दोन्ही पोटऱ्या टेपने मोजते. नवरा म्हणतो डोक्यातून काढून टाक. सासूबाईंनी मायेने दृष्ट काढली. पण "मनाचे खेळ आहेत" हे ऐकलं की रडू फुटतं, कारण पाय खरंच हलतो हो, माझ्याकडे व्हिडिओ आहेत.

पुन्हा ईएमजी करावी का? मुंबईला दुसरं मत घ्यावं का? आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले तर शरीराच्या तक्रारींकडे कुणी बघणारच नाही, अशी भीती वाटते. यातून गेलेल्यांनी कृपया लिहा.

सिंहगड_रोज
ताई, पाय हलतो हे शंभर टक्के खरं आहे. त्याला फॅसिक्युलेशन म्हणतात आणि निरोगी माणसांतही ते भरपूर दिसतं. जागरण, चहा-कॉफी, जास्त व्यायाम आणि काळजी, या चारही गोष्टींनी ते वाढतं. मला ते होऊन बरीच वर्षं झाली. आजही घाट चढून आलो की पोटऱ्या नाचतात.

मला सर्वांत जास्त आधार एका जुन्या अभ्यासाने दिला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये अशा १२१ जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. फडफड होती, पण तपासणीत ताकद कमी नव्हती आणि ईएमजीत दुसरा दोष नव्हता. २ ते ३२ वर्षं लक्ष ठेवलं. एकालाही मोटर न्यूरॉनचा, म्हणजे एएलएससारखा, आजार झाला नाही.

तो टेप घरात ठेवू नका, शेजारी देऊन टाका. उजव्या-डाव्या पोटरीत थोडा फरक जवळपास सगळ्यांच्याच असतो. रोज मोजलं की रोज सापडेल.

तालुक्याचा_डॉक्टर
मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, फिजिशियन आहे. इथून निदान करता येत नाही, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

बी१२ तपासलंय का? तुम्ही लिहिलेलं नाही. शाकाहारी असाल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल, तर ही तपासणी आधी. कमतरतेने मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, चिडचिड, सगळं होऊ शकतं. एक विनंती: कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन आधी घेऊ नका. एकदा घेतलं की रक्तातला आकडा वर जातो आणि मूळ कमतरता होती की नाही ते कळणं अवघड होतं. सोबत थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बघून घ्या.

मुंग्यांचं अजून एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, कामाला येणारं मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा जास्त संवेदनशील होतात. मग ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात. म्हणजे भीतीने आलेली मुंगीसुद्धा शरीरातच घडते. ती कल्पना नसते. चेहरा जड वाटतो त्या वेळी श्वास कसा चाललाय ते बघा.

"हातात जीव नाही असं वाटणं" आणि "शर्टाचं बटण लावताच न येणं" यात मोठा फरक आहे. एएलएसमध्ये आम्हाला काळजी फडफडीपेक्षा त्या दुसऱ्या गोष्टीची असते: ताकद जाते, स्नायू वाळतो, आणि ते वाढत जातं. खडू तर सगळ्यांच्याच हातातून निसटतो.

थांबू नये असं कधी? चेहरा अचानक वाकडा झाला, एका बाजूचा हात-पाय पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जांघेत बधिरपणा येऊन लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मृण्मयी_ठाणे
रानजाई, तुमचा धागा वाचून गलबलून आलं. माझी भीती ब्रेन ट्यूमरची होती.

मानसोपचार म्हणजे "तुला काही झालेलं नाही" हा निकाल नव्हे. लक्षण असो वा नसो, त्याची चिंता हा स्वतंत्र त्रास आहे आणि त्याला उपचार आहेत. मला विवेकनिष्ठ मानसोपचाराचा, म्हणजे हट्टी, अविवेकी विचार ओळखून बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीचा, उपयोग झाला. कि. मो. फडके यांनी ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली, त्यामुळे ती मराठीत शिकवणारे समुपदेशक बरेच आहेत. मानसिक आरोग्यासाठी काम करणारी ठाण्याची आयपीएच संस्थाही आहे. माझ्या समुपदेशक बाईंनी माझी एक हट्टी मागणी पकडली: "मला कधीच काही होणार नाही याची खात्री हवी." ती खात्री कुठलाच एमआरआय देत नाही, म्हणून प्रत्येक रिपोर्ट थोडेच दिवस पुरत होता.

कृती म्हणाल तर आधी नेटवर शोधणं पुढे ढकलायचं. इच्छा झाली की वहीत प्रश्न लिहायचा आणि उद्या संध्याकाळी बघायचं ठरवायचं. बहुतेक वेळा संध्याकाळी त्याची गरजच उरत नाही. मग जीभ बघणं, टाचांवर चालणं हळूहळू कमी करायचं. सुरुवातीला अस्वस्थपणा वाढतो, तेव्हा घाबरून सोडू नका.

मनोविकारतज्ज्ञांनी गोळी सुचवली तर तीही वर्ज्य मानू नका. पहिले काही दिवस बेचैनी वाढू शकते, ते आधी विचारून ठेवा. मनाने बंद मात्र करू नका. आणि रात्री-अपरात्री फारच घुसमटलं तर टेलि-मानस, १४४१६. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पाऊसवेडा
तुमच्या यजमानांसाठी लिहितो, त्यांना वाचायला द्या. माझी बायको रोज विचारायची, "माझं बोलणं अडखळतंय का?" मी रोज नाही म्हणायचो आणि तासाभराने तोच प्रश्न यायचा. समुपदेशकांनी आम्हा दोघांना एकत्र बसवून ठरवून दिलं: मी उत्तर द्यायचं नाही, "तुला आत्ता भीती वाटतेय ना, चल चक्कर मारून येऊ" म्हणायचं. आधी तिला फार राग आला. पण "डोक्यातून काढून टाक" पेक्षा हे नक्की बरं.

लीड्सकर_नीता
थोडं वेगळं, पण इतर वाचकांसाठी. मला पायातली ताकद अचानक जाण्याचा त्रास होता आणि निदान एफएनडी, म्हणजे मज्जासंस्थेच्या कामकाजातला बिघाड, असं निघालं. रचना ठीक, काम बिघडलेलं. हे निदान "बाकी काही सापडलं नाही म्हणून" करत नाहीत. हूव्हरची खूण (चांगला पाय उचलताना कमजोर पायात ताकद परत येते का ते बघणं) वगैरे तपासण्यांत ते प्रत्यक्ष दिसतं. फिजिओथेरपीने मला खूप फरक पडला. एडिनबराचे न्यूरॉलॉजिस्ट जॉन स्टोन यांचं न्यूरोसिम्प्टम्स हे संकेतस्थळ रुग्णांसाठीच आहे. रानजाई, तुमच्या वर्णनावरून तुम्हाला हे आहे असं मी म्हणत नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, बी१२ खरंच केलेलं नाही आणि मी पूर्ण शाकाहारी आहे. उद्याच करते. नवऱ्याने पाऊसवेडा यांचा प्रतिसाद वाचला, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला समुपदेशकाकडे मीही येतो. दुसऱ्या मताचं काय करू?

तालुक्याचा_डॉक्टर
पहिल्या न्यूरॉलॉजिस्टवर विश्वास बसत नसेल तर एक मत जरूर घ्या. सगळे जुने रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी सोबत न्या, नाहीतर तेच पुन्हा करायला सांगतील. मग दोघांतला एक निवडा आणि तपासणीची तारीख आधीच ठरवून घ्या, समजा तीन महिन्यांनी. मध्ये नवीन लक्षण आलं, खरंच एखादं काम जमेनासं झालं, तर लवकर जा. केवळ फडफड जागा बदलतेय म्हणून नको. ईएमजी पुन्हा करायची की नाही हे त्या डॉक्टरांना हातापायांची ताकद तपासून ठरवू द्या. बी१२चा रिपोर्ट आला की इथे टाका.