मदत हवी आहे: बॅरिॲट्रिक (वजन कमी करण्याच्या) सर्जरीसाठी आरोग्य विम्याच्या कॅशलेस मंजुरीची फाईल, नागपूर
पेशंटचं वजन 101 किलो, उंची 168 सेंमी, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35.8. आकडा 35 च्या वर पण 40 च्या आत, त्यामुळे सोबतचा गंभीर आजार दाखवावा लागतो. इथे ताब्यात न येणारा टाइप 2 मधुमेह आहे. एचबीए1सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) रिपोर्ट आणि सर्जनचं पत्र तयार आहे.

अडलंय ते उंचीवर. एका जुन्या केसपेपरवर 172 लिहिलंय, त्याने बीएमआय थेट 35 च्या खाली, 34.1 वर येतो! खाडाखोड केली की टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) क्वेरी काढणारच. त्याच डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं दुरुस्तीपत्र चालतं का?

शिवाय डाएट-औषधांनी वजन उतरलं नाही याचा पुरावा लागतो, आणि आहाराच्या नोंदी सुट्या चिठ्ठ्यांवर, तारखा अर्धवट. धंतोली-रामदासपेठेकडे त्यावरून लेटरहेडवर तारीखवार सारांश कोण करून देतं?