तेलाशिवाय अंडी: घरी आणि गडावर

गडवाट: घरात तेल बंद केलंय, रोज उकडलेली अंडी नकोशी झालीत. नॉनस्टिक नाही, बिडाचा तवा, स्टीलची भांडी आणि इडलीपात्र आहे. शिवाय चौघांचा हरिश्चंद्रगडावर मुक्काम आहे. छोटा गॅस नेणार आहोत, पाणी जपून वापरायचंय. काय काय करता येईल?

वाफाळ: गडावर अंडी पाण्यात बुडवूच नका, वाफवा. आठ अंड्यांना पेलाभर पाणी पुरतं. पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आली की अंडी ठेवा, घट्ट झाकण लावा, आच मध्यम करा. मऊ बलक हवा तर ७ मिनिटं, घट्ट हवा तर १२. वाफ उकळत्या पाण्याइतकीच गरम असते, त्यामुळे शिजण्यात काही कमी राहत नाही, आणि कमी पाणी तापवायचं म्हणून गॅसही वाचतो. गड १४२४ मीटर उंच, तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, म्हणून एक-दोन मिनिटं जास्त द्या.

थंड पाण्यात ठेवून तापवलं की पांढरं आतल्या पापुद्र्याला चिकटतं आणि सोलताना लचके निघतात. अगदी ताजी अंडीही नीट सोलली जात नाहीत, आठवडाभर जुनी न्या. बलकाभोवती हिरवट कडं आलं तर जास्त शिजलं, एवढंच, खायला चालतं.

केळीचंपान: घरासाठी वाटीतलं आम्लेट. २ अंडी, ४ चमचे पाणी किंवा दूध, मीठ, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर. टोमॅटो घातलात तर बिया काढा, नाहीतर तळाशी पाणी साठतं. फार फेटू नका, फेस नको. स्टीलला अंडं चिकटणारच, म्हणून वाटीत शेकून मऊ केलेलं केळीचं पान बसवा. वर ताटली ठेवा, झाकणाचं पाणी आत टपकत नाही. इडलीपात्रात मंद वाफेवर १० मिनिटं. आच मोठी ठेवली की जाळी पडते आणि पाणी सुटतं. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

बिडाच्या तव्यावर थेट अंडं फोडू नका, खरवडत बसाल.

चुलीपाशी: रस्सा विसरू नका. कांदा आणि सुकं खोबरं कोरडंच भाजून वाटण करा, लसूण, टोमॅटो, मसाला घालून पातळसर उकळा. आच कमी करून एकेक अंडं वाटीत फोडून अलगद सोडा. ढवळायचं नाही. झाकण ठेवून ६ मिनिटं. खोबऱ्याला स्वतःचं तेल असतं, पथ्य कडक असेल तर त्याऐवजी भाजलेले फुटाणे वाटा.

निखाऱ्यातली अंडी घरच्या चुलीतच करा. हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तिथे जाळ नको. बोथट टोकाला सुईने भोक पाडा, नाहीतर आतली वाफ कवच फोडते. निखाऱ्यात नाही, कडेच्या गरम राखेत १५ मिनिटं, मधून मधून फिरवत.

आणि प्लास्टिकच्या पिशवीत अंडं घालून उकळायची पद्धत सांगतात, ती टाळा. साध्या पिशव्या उकळत्या पाण्यासाठी नसतात.

गडवाट: आभार! कच्ची अंडी न्यायची कशी? आणि केळीचं पान नसेल तर?

केळीचंपान: खिचडीच्या तांदळात पुरून, स्टीलच्या डब्यात. घरून उकडून, सोलून नेऊ नका, उन्हात तासा-दोन तासांत धोका सुरू होतो. पान नसेल तर बटर पेपर. पावसाळ्यात हळदीचं पान मिळालं तर उत्तमच, वास अंड्यालाही लागतो.