चौदा दिवस उलटले तरी बाळंतीण रडतेच आहे: काय विचारायचं, कुठं पाठवायचं?

कागल_आशा
गृहभेटीत बाळाचं वजन, ताप, नाळ सगळं बघून होतं. बाळंतिणीला "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे" एवढंच उत्तर मिळतं, कारण सासूबाई शेजारी बसलेल्या. घरचे म्हणतात बाहेरचं असेल, दृष्ट काढलीय. नेहमीचं रडणं आणि आजार यातला फरक कसा ओळखायचा? कोल्हापुरात कुठं पाठवायचं? आणि औषध सुरू झालं की अंगावरचं दूध तोडावं लागतं का?

गटप्रवर्तक_करवीर
आधी दिवस मोजा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच डोळे भरून येणं, चिडचिड, क्षणात हसणं हे बऱ्याच जणींना होतं आणि दहा-चौदा दिवसांत आपोआप ओसरतं. त्यामुळे तुमची चौदाव्या दिवसाची भेट मोलाची. त्यानंतरही रोज, दिवसातला बहुतेक वेळ उदास असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर तो आजार (बाळंतपणानंतरचं नैराश्य) समजून पुढं पाठवायचं. अर्थात ती फारच खचलेली दिसली तर दोन आठवडे भरायची वाट बघू नका.

प्रश्न एकटीला विचारा. सासूबाईंना पाणी तापवायला सांगितलं की पाच मिनिटं मिळतात. "झोप लागते का?" असं विचारून उपयोग नाही, तान्हं बाळ असलेल्या कुणाचीच झोप पुरी होत नाही. "बाळ झोपलंय, तुझी आई त्याच्याजवळ बसलीय, तेव्हा तरी तुझा डोळा लागतो का?" असं विचारा. तेव्हाही छताकडं बघत पडून राहत असेल तर ती खूण. तसंच जेवणाचं. ताट समोर येतंच आणि डिंकाचा लाडू हातात दिला जातोच, म्हणून "लाडवाची चव लागते का?" विचारा. "मन उदास आहे" असं कुणी आपणहून म्हणत नाही. डोकं जड आहे, अंगात त्राण नाही, दूधच येत नाही, मी आई व्हायच्या लायकीची नाही, अशी वाक्यं कानावर येतात.

एडिंबरा प्रश्नावली (बाळंतिणीचं नैराश्य ओळखायची) मिळाली तर वापरा. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकी 0 ते 3 गुण, एकूण 30. साधारण 13 किंवा जास्त आले तर डॉक्टरकडं. पण दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथं शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी पाठवा. सासूसमोर मोठ्यानं वाचली तर मात्र सगळी उत्तरं शून्यच येणार.

आणखी एक. सातव्या महिन्यात पोरगी माहेरी जाते, सव्वा महिन्यानं नाहीतर तीन महिन्यांनी सासरी येते. दोन्ही गावांच्या रजिस्टरमधून तीच सुटते. माहेरच्या आशाताईंना फोन करा. त्रास वर्षभरात कधीही सुरू होऊ शकतो, म्हणून 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसीला आली की पुन्हा विचारा.

मानसोपचार_परिचारिका
दूध तोडू नका. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी अंगावर पाजताना बहुतेक वेळा चालते, दुधात फार थोडी उतरते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते आणि तिथंच बऱ्याच जणी गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त चालू राहते, बंद करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, दोन्हींची लक्षणं अशीच दिसतात.

तातडीचं वेगळं ओळखा. पहिल्या दोन आठवड्यांत एकाएकी झोप उडणं, असंबद्ध बोलणं, कानात आवाज, "हे बाळ माझं नाही" असा ठाम समज. हजारातल्या एक-दोघींना होतं, पण थांबायचं नाही. 108 बोलवा, आईला आणि बाळाला एकटं ठेवू नका. याउलट "बाळाला माझ्या हातून काही होईल का" या विचारानंच जी घाबरते, तिचा त्रास बहुधा चिंतेचा असतो. तिलाही पाठवायचंच, पण तिला राक्षसीण ठरवू नका.

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. घरातून निघणं जमत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत. घरचे "बाळ हिरावून घेतील" म्हणून घाबरतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करता येत नाही, हे त्यांना सांगा.

कागल_आशा
गरोदरपणातच विचारावं का? आणि डॉक्टरकडं पाठवायच्या चिठ्ठीत काय लिहू?

गटप्रवर्तक_करवीर
विचाराच. कित्येकींचं दुखणं पोटुशी असतानाच सुरू झालेलं असतं. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची सरकारी तपासणी असते, तिथं विचारा: आधी असा त्रास झालाय का, गोळ्या चालू होत्या का, घरात मारहाण होते का. दिवस गेल्याचं कळताच जुन्या गोळ्या परस्पर बंद करतात, त्यानं आजार उलटतो. एक अपवाद व्हॅल्प्रोएट (फिट्स आणि मनाच्या आजारावरची गोळी), ती गर्भाला घातक. ती दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

चिठ्ठीवर नुसतं "रडते" लिहू नका. "बाळंतपणाचा 23 वा दिवस, 12 दिवस झोप नाही, जेवण निम्मं, मरणाचे विचार: हो/नाही, अंगावर पाजते, चालू औषधं" असं लिहा. सोबत माता-बाल कार्ड आणि नवऱ्याचा नंबर.