गारपिटीत पोचे पडलेली गाडी दुरुस्त न करता विम्याची रक्कम ठेवता येते का?

प्रश्नकर्ता (सिडको, नाशिक):

निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे. मार्चमधील गारपिटीत बागेचे मोठे नुकसान झाले आणि त्या दिवशी वडिलांना भेटायला गेलेलो असल्यामुळे खळ्यावर उघड्यावर उभी असलेली माझी गाडीही त्यात सापडली. गाडी साडेसहा वर्षांची, १२०० सीसीची आहे. छतावर व बॉनेटवर बरेच पोचे पडले असून पुढच्या काचेला तडा गेला आहे. गाडी मात्र व्यवस्थित चालते.

गॅरेजने जीएसटी वगळून ६२,००० रुपयांचा अंदाज दिला: नवे बॉनेट १४,०००, काच ९,०००, डेंटिंगची मजुरी १५,००० आणि रंगकाम २४,०००. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसानीचा अंदाज घेणाऱ्या तज्ज्ञाने) पाहणी केल्यावर असे सुचवले की दुरुस्ती करायची नसेल, तर ‘कॅश लॉस’ म्हणून ४२,००० रुपयांवर दावा मिटवता येईल. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या (द्राक्षवेलींच्या उन्हाळी छाटणीच्या) मजुरीसाठी पैसे हवेत, त्यामुळे पोचे तसेच ठेवून ही रक्कम घ्यावी असे मनात आहे. गाडीवर सात वर्षांचे कर्ज असून त्याचे सात हप्ते बाकी आहेत. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत) सध्या ५० टक्के आहे. असे करणे नियमाला धरून आहे का आणि पुढे त्याचा त्रास होईल का?

उत्तर १ (निवृत्त सर्व्हेअर, कॉलेज रोड):

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीच्या अटींनुसार कंपनी गाडी दुरुस्त करून देऊ शकते, सुटा भाग बदलून देऊ शकते किंवा नुकसानीची रक्कम रोख देऊ शकते. मात्र यांपैकी काय करायचे याची निवड कंपनीकडे असते, विमाधारकाकडे नसते. म्हणून कॅश लॉस हा हक्काने मागण्याचा प्रकार नसून दोघांच्या संमतीने होणारी तडजोड आहे. आपल्याकडे कंपनीच्याच सर्व्हेअरने तो मार्ग सुचवला असल्याने त्यात लपवण्यासारखे काही नाही.

रक्कम कमी का, हेही समजून घ्या. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी असल्याने धातूच्या भागावर ४० टक्के घसारा (जुनेपणापोटी किमतीत होणारी घट) लागतो, म्हणजे बॉनेटचे ८,४०० रुपये धरले जातील. काचेवर घसारा नाही. रंगकामाचे एकत्रित बिल असेल तर त्यातील २५ टक्के रक्कम साहित्याची समजून तिच्यावर ५० टक्के घसारा लावतात, म्हणून २४,००० पैकी २१,००० मिळतील. मजुरी पूर्ण धरली तर एकूण ५३,४०० होतात आणि त्यातून १,००० रुपयांची सक्तीची वजावट (प्रत्येक दाव्यात विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम) गेल्यावर ५२,४०० उरतात. बिल हाती येणार नसल्याने कंपनी त्याहून खाली उतरते, शिवाय जीएसटीचा परतावा देत नाही. ४२,००० हा आकडा मला अन्यायाचा वाटत नाही, पण थोडी घासाघीस करून पाहण्यास हरकत नाही.

खरी अडचण आपण शेवटी, जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे कर्ज. गाडी बँकेकडे तारण असते तेव्हा पॉलिसीला आयएमटी ७ हे पृष्ठांकन, म्हणजे पुरवणी अट, जोडलेले असते. त्याचा अर्थ असा की, जे नुकसान दुरुस्तीने किंवा बदलीने भरून काढलेले नाही, त्यापोटी देय असलेली रक्कम कर्ज फिटेपर्यंत बँकेला द्यायची. दुरुस्ती केली तर पैसे गॅरेजकडे किंवा बिल भरलेल्या मालकाकडे जातात. दुरुस्ती केली नाही तर ते पैसे बँकेचे. बँकेने लेखी ना हरकत दिल्याशिवाय ते ४२,००० रुपये छाटणीच्या मजुरीसाठी आपल्या हाती पडतील असे गृहीत धरू नका.

उत्तर २ (गॅरेजचालक, अंबड):

वरील उत्तराशी मी सहमत आहे. कामाच्या अनुभवातून दोन गोष्टी जोडतो.

गारांच्या पोच्यांत जिथे रंग फुटलेला नसतो, तिथे पत्रा वर्षानुवर्षे तसाच राहिला तरी काही बिघडत नाही. केवळ दिसायला वाईट दिसते. मात्र रंगाला बारीक चीर गेली असेल, तर एका पावसाळ्यात आत पाणी शिरून गंज धरतो आणि मग ठोकून काम भागत नाही. नखाने चाचपून पाहा आणि बॉनेटच्या कडा विशेष तपासा. काचेबाबत मात्र तडजोड करू नका, कारण आज कोपऱ्यात दिसणारा तडा कसारा घाटातल्या खड्ड्यांनी आणि उन्हातल्या तापमानाच्या फरकाने चालकाच्या नजरेसमोर येतो. रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यावर फुटला की रस्ता दिसत नाही. पैसे कुणाकडेही जावोत, काच बदलाच.

दुसरे म्हणजे, काम न करता केवळ पूर्ण बिल बनवून देण्याची विनंती आमच्याकडे अनेक जण करतात. बिल आहे म्हणजे दुरुस्ती झाली, म्हणजे बँकेचा अडसर टळला, असा त्यांचा हिशेब असतो. ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येणारा गुन्हा आहे आणि दुरुस्तीनंतर सर्व्हेअर फेरतपासणीला आला की गाडीच साक्ष देते. मी तसे बिल कधीही दिलेले नाही. कुणी देऊ केले, तर घेऊ नका.

उत्तर ३ (इंदिरानगर):

मी तीन वर्षांपूर्वी डाव्या दरवाजाचे पैसे रोख घेतले होते आणि दरवाजा तसाच ठेवला. कर्ज नव्हते, त्यामुळे ते सोपे गेले. पुढच्या वर्षी द्वारका चौकात एका टेम्पोने त्याच बाजूला धडक दिली. सर्व्हेअरने जुने फोटो काढले, दरवाजाचे नुकसान आधीच भरपाई झालेले असल्याचे सांगितले आणि नव्या दाव्यातून तेवढी रक्कम वगळली. त्याची बाजू योग्यच होती, परंतु मला ते त्या वेळी कुणी सांगितले नव्हते. आपण छताचे पोचे ठेवणार असाल तर आजच सर्व बाजूंनी तारखेसह फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढील वेळी जुने कोणते आणि नवे कोणते यावर वाद होणार नाही.

प्रश्नकर्ता:

सर्वांचे आभार. बँकेत जाऊन विचारले. रक्कम त्यांच्याकडे आली तर ती कर्जखात्यात जमा होईल आणि शेवटचे हप्ते कमी होतील, एप्रिल-मेचे नाहीत. म्हणजे छाटणीला त्याचा काहीही उपयोग नाही. मग असे मनात आले की फक्त काचेपुरताच दावा करावा का?

उत्तर १ (निवृत्त सर्व्हेअर, कॉलेज रोड):

तसे करू नये. काचेचे ९,००० वजा १,००० असे ८,००० रुपये मिळतील, पण दावा मंजूर होताच बोनस शून्यावर येईल आणि तो ०, २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० टक्क्यांवर जाईल. पाच नूतनीकरणांत गमावलेल्या सवलतींची बेरीज १२५ टक्के होते. विम्याच्या हप्त्यातील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा भाग सवलतीपूर्वी वर्षाला ८,००० रुपये असेल, तर ते १०,००० होतात. गाडीची विमा किंमत दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्षात काहीसे कमी. दावा रोखीने मिटला की दुरुस्तीने, बोनस दोन्हीकडे सारखाच जातो. म्हणून दावा करायचा तर पूर्ण दुरुस्तीचा करावा, नाहीतर मिटण्यापूर्वी लेखी मागे घेऊन काच पदरच्या पैशांनी बसवावी.

प्रश्नकर्ता:

हिशेब पटला. बॉनेटच्या पुढच्या कडेला दोन ठिकाणी रंग फुटलेला आढळला, त्यामुळे पूर्ण दुरुस्तीच करत आहे. घसारा व वजावट मिळून माझ्या वाट्याला ९,६०० रुपये आणि कंपनी न देणारा जीएसटीचा भाग येईल. सर्व्हेअरला तसे कळवले आहे आणि सोमवारी गाडी गॅरेजला देत आहे. छाटणीच्या मजुरीसाठी वडिलांनी गावच्या सोसायटीत अर्ज केला आहे.