प्रभूला प्रथम स्थान : तुमच्या घरचे अनुभव लिहा

सर्वांना सलाम.

मत्तय ६:३३, 'पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा', हे बायबलचं वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे. रविवारच्या शाळेत त्यावर बक्षिसंही मिळवली असतील. पण सोमवारी सकाळी नळाला पाणी आलेलं असतं, डबे भरायचे असतात, गाडी गाठायची असते. तेव्हा प्रभूला प्रथम स्थान द्यायचं म्हणजे तुम्ही नेमकं काय करता? सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), कुठल्याही मंडळीचे असा. बोध नको, घडलेलं सांगा, एवढीच विनंती.

सुरुवात मी करते. आमच्याकडे स्वयंपाकाला तांदूळ घेतले की आधी एक मूठ वेगळ्या डब्यात पडते. आजीपासून चालत आलंय. डबा भरला की चर्चमध्ये जातो, तिथून गरजू घरी. महिनाअखेरीस आमचेच तांदूळ तळाला गेलेले असतात, तेव्हाही ती मूठ पडते. उरलं तर देऊ, असं आजीने कधी केलं नाही.

नेवासे तालुका, शेतकरी

आमच्या गावी हंगामाच्या उपासनेला प्रत्येक घर पहिलं पीक आणतं. बाजरी, कांदा, कणसं, गावरान अंडी, एखादा कोंबडा. उपासना झाली की चर्चच्या आवारात लिलाव. बोली जिंकणारा पुष्कळदा वस्तू परत देतो आणि ती पुन्हा लिलावात निघते. एकाच भोपळ्यावर मग भरपूर पैसे जमतात.

अण्णांचा नियम ठरलेला. एकसारखा, टणक कांदा आधी चर्चच्या गोणीत, मग बाजाराला, आणि गोल्टी, म्हणजे बारका कांदा, घरी खायला. भाव पडले त्या साली धाकटा भाऊ म्हणाला, यंदा गोल्टीच देऊ, लिलावात कोण बघतंय? अण्णा एवढंच म्हणाले, "हाबेलानं काय दिलं होतं ते वाच." त्यानं वाचलं. आदामाचा मुलगा हाबेल, त्यानं देवाला दिले कळपातले प्रथम जन्मलेले, तेही पुष्ट. गोणी नेहमीसारखीच भरली.

त्या साली खताची उधारी फिटली नाही, हेही लिहितो. देवाला पहिलं दिलं की घर भरतं असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. आमचं नाही भरलं. पुढच्या हंगामात तरीही तीच गोणी आधी भरली.

वसई, फुलांची बागायत

पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मला जमत नाही. त्या वेळी टोपली घेऊन दादरच्या वाटेवर असते. गाडीत आम्ही बायका मिळून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो, फुलं विकायला बसण्याआधी. संध्याकाळी घरी पुन्हा रोझरी, टीव्ही बंद. पाहुणे आले तर तेही बसतात. कुणी अजून नाही म्हटलं नाही.

मिरज, परिचारिका

रविवारी ड्युटी लागली की नातेवाईक म्हणतात, देव पहिला ना, मग सुट्टी का मागत नाहीस? ज्याला वेळेवर इंजेक्शन हवंय त्याला सोडून मी बाकावर जाऊन बसले, तर प्रभू पहिला झाला असं मला वाटत नाही. त्याने शब्बाथ दिवशीच, यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला. चार्ज घेण्याआधी मी वॉर्डातल्या प्रत्येकासाठी मनात प्रार्थना करते, मग कामाला लागते. पेशंट कुठल्या धर्माचा हे तिथे येत नाही.

पुणे, स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी

परीक्षा बहुधा रविवारी असतात. त्यावरून घरी बोलणी होतात, पण मला तो मोठा प्रश्न वाटत नाही. मोठा प्रश्न फॉर्ममधल्या धर्माच्या रकान्याचा आहे.

पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ताकडे आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. आमच्या गावात भेदभाव करताना कुणी आमचा धर्म विचारला नाही. सवलत द्यायची वेळ आली की मात्र तोच आधी विचारतात. माझ्या कितीतरी नातलगांच्या कागदावर दुसरा धर्म आहे आणि रविवारी ते माझ्याच बाकावर बसतात. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना पोरं शिकवायची होती. कायदा अन्यायाचा आहे आणि तो बदलायलाच हवा.

पण माझी सही असलेल्या कागदावर मी 'ख्रिश्चन' लिहिलं. काय हातचं जाणार हे माहीत असून लिहिलं. आई रात्रभर झोपली नाही. ज्याच्या नावाने प्रार्थना संपवते, त्याचं नाव तिथे गाळायला माझा हात धजला नसता.

निवृत्त पाळक, जालना (वरील मुलीस)

बेटा, सलाम. ह्या रकान्यावरून बापलेकांत अबोला झालेला मी पाहिलाय. तू स्वतःपुरतं ठरवलंस आणि दुसऱ्यावर दगड उचलला नाहीस. मला तुझी दुसरी गोष्ट जास्त अवघड वाटते. परीक्षेची तारीख कळव, आम्ही दोघं प्रार्थनेत ठेवू.

केडगाव माहेर, सासर नाशिक

मी मुक्ती मिशनच्या, निराधार बायकांच्या आश्रमाच्या, आवारात वाढले. पंडिता रमाबाईंनी तिथेच शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी भाषांतर केलं, आणि तिथल्या छापखान्यात बायका काम करायच्या. बाईने शास्त्र उघडून बसावं यात मला काही नवल नव्हतं. सासरी मात्र सकाळी सासरे, दीर, नवरा शास्त्र वाचायला बसत आणि मी ओट्यापाशी पोळ्या लाटत असे. मला फक्त शेवटचं आमेन ऐकू यायचं.

एके दिवशी मी गॅस बंद केला आणि जाऊन बसले. म्हटलं, बहीण मार्था कामात असताना मरिया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली, म्हणून प्रभू रागावला नव्हता. सासरे विचारात पडले. आता आधी उपासना, मग स्वयंपाक, आणि कणीक सासरे मळतात. पोळ्या जाड होतात, डब्यांना उशीर होतो. मंडळीतल्या काहींना हे आवडलेलं नाही, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी आहे.

इथे लिहिणाऱ्या भावांना विचारते, तुमच्या घरी सकाळची प्रार्थना चालू असते तेव्हा चहा कोण करतं?